त्रिभुवन आंटींचा रविवार

"पुराणिकभाऊ, ते टूथपेस्टचं खोकं फेकू नका. त्यात योना बसतो."

सकाळच्या वेळी, तोंडात फेस असताना, कंपाउंडच्या भिंतीवरून असं कुणी बोललं तर माणसानं काय उत्तर द्यावं? मी निमूटपणे खोकं देऊन टाकलं. योना कोण आणि तो टूथपेस्टच्या खोक्यात का बसतो, हे विचारायला सवडच मिळाली नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न आला, "आणि बुटाचं आहे का एखादं? तारवाला लागतं."

त्रिभुवन आंटींची आणि माझी ओळख ही अशी झाली. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो आणि माधव नगरातल्या घराच्या व्हरांड्यात बसून जगावर चिडायचं काम मनापासून करत होतो. शेजारच्या घरात या राहायला आल्या. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. नवरा रेल्वेत गार्ड होता, त्याच्याबरोबर बदल्यांमागे फिरत फिरत उज्जैनला आल्या आणि तो वारल्यावर इथंच राहिल्या. आडनाव ऐकून आमच्या दूधवाल्याला वाटलं, महाकालच्या एखाद्या पुजाऱ्याचं घराणं असणार. पहिल्या दिवशी तो पाया पडायला वाकला तेव्हा त्या म्हणाल्या, "पंडित नहीं हूँ भैया, ईसाई हूँ. पर दूध में पानी फिर भी मत मिलाना."

नाव करुणा. पण गल्लीत त्यांना लहानथोर सगळे त्रिभुवन आंटीच म्हणत. ठेंगणा बांधा, नायलॉनची साडी, चष्म्याला दोरी आणि कमरेला नाडीनं बांधलेली कात्री. कात्री बांधायचं कारण विचारलं तर म्हणायच्या, "पोरांच्यात कात्री खाली ठेवली की तिला पाय फुटतात." दर रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून आल्या की त्यांच्या अंगणात तीन ते सहा वर्षांच्या पोरांचा वर्ग भरायचा. त्यात बायबलमधल्या गोष्टी. म्हणजे मला वाटलं होतं, गोष्टी सांगत असतील. पण सांगणं त्यात चिमूटभरच होतं. आधी गोष्ट खेळायची, मग गोंद-कागद घेऊन बनवायची, शेवटी खायची. टूथपेस्टचं खोकं म्हणजे योनाला गिळणारा मोठा मासा. नोहाच्या गोष्टीत बुटाचं खोकं म्हणजे महापुरातली नाव, तेच तारू, आणि त्यात पोरं काडेपेट्यांची जनावरं भरायची. हत्ती आत मावेना म्हणून एका पोरानं त्याची सोंड कापली तर आंटींनी त्याला रागावण्याऐवजी विचारलं, "आता हा बिचारा पाणी कसं पिणार?" पोरगं विचारात पडलं आणि गोंद शोधायला लागलं.

"हाताला काम दिलं की पोराचे कान आपोआप मोकळे होतात," असं त्या म्हणायच्या. "नुसतं बसवलं की ते ऐकत नाही, सहन करतं."

त्या कधी खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. गुडघे दुखायचे, तरी जमिनीवरच. आणि वर्गात गोंधळ वाढला की त्या आवाज चढवायच्या नाहीत, उलट इतका खाली आणायच्या की पोरं ऐकायला पुढं सरकायची. हा प्रयोग मी नंतर घरी करून पाहिला. आमच्या सौ. म्हणाल्या, "पुटपुटताय काय, मोठ्यानं बोला."

वर्ग त्यांच्या चर्चच्या पोरांसाठी होता. पण अंगणात खेळ आणि शेवटी खाऊ म्हटल्यावर गल्लीतली बाकीची पोरं फाटकाला लटकणारच. त्यात आमची नात अवनी सगळ्यात पुढं. पण आंटींचा एक नियम होता. दुसऱ्याच्या घरचं मूल त्या आत घेत नसत, जोवर त्या घरातलं मोठं माणूस येऊन एक अख्खा वर्ग बसून बघत नाही. "नंतर कुणी म्हणायला नको की गपचूप काही शिकवते. तुम्ही या, बसा, ऐका. पटलं तर पाठवा." मग आमच्या घरातून मी गेलो. लहान मुलांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर बसलो आणि उठताना खुर्चीसकट उठलो. अवनीनं तो प्रसंग पुढं अनेकांना सांगितला. सौ.ला अहवाल दिला तेव्हा ती म्हणाली, "चार चांगल्या गोष्टी कानावर पडल्या तर काय बिघडतंय? पण तुम्ही परत जाऊ नका, खुर्च्या मोडतील."

तेव्हापासून मी भिंतीच्या अलीकडे, माझ्याच व्हरांड्यात, पेपर तोंडासमोर धरून वर्ग ऐकू लागलो. पेपरचं पान तासभर उलटत नसे.

खाऊच्या बाबतीत आंटी फार विचार करत. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत येशूनं हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट आली तेव्हा त्यांना काळजी पडली. वर्गात जैनांच्या घरचा मोक्ष होता, आमची अवनी होती. मग त्यांनी मैद्याच्या खाऱ्या शंकरपाळ्या केल्या, फक्त चौकोनी न कापता माशाच्या आकाराच्या. पोरांनी टोपलीतून एकमेकांना वाटल्या, टोपली काही रिकामी होईना (आंटी मागून भरत होत्या), सगळे खूष. मोक्ष घरी गेला आणि त्यानं आजीला अभिमानानं सांगितलं, "दादी, आज मैंने पाँच मछली खाईं."

पुढच्या दहा मिनिटांत मोक्षची आजी फाटकाशी. मागे दोन सुना. अख्खी गल्ली गच्चीवर. मी पेपर खाली ठेवला. आंटींनी उरलेल्या शंकरपाळ्यांची ताटली आणून म्हातारीपुढं धरली. म्हातारीनं एक मासा उचलला, उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, शेपटी मोडून तोंडात टाकली. बराच वेळ चावून ती म्हणाली, "अजवाइन कम है."

दुसऱ्या रविवारी तिनं ओवा पाठवून दिला.

पण माझा आवडता रविवार यरीहोचा. त्या दिवशी इंदूरहून त्यांचे कोणी मोठे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले होते, रविवारच्या शाळा कशा चालल्यात ते बघायला. गोष्ट अशी की यरीहो नावाच्या शहराभोवती मोठी भिंत होती, देवाच्या लोकांनी तिच्याभोवती गप्प राहून फेऱ्या मारल्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गर्जना केली तेव्हा भिंत कोसळली. आंटींनी किराणा दुकानातून साबणाची रिकामी खोकी आणून भिंत रचली होती. पोरं तोंडावर बोट ठेवून फिरत होती. काहींनी हात जोडले होते, कारण कशाभोवती गोल फिरायचं म्हणजे हात जोडायचे एवढं उज्जैनच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. शेवटच्या फेरीला आंटींनी जत्रेतली पुंगी वाजवली आणि म्हणाल्या, "अब सब मिलके, जितनी ज़ोर से हो सके!"

आणि सगळ्या पोरांनी, चर्चच्या पोरांनीसुद्धा, एका सुरात आरोळी ठोकली, "जय श्री महाकाल!"

भिंत तुफान कोसळली. पाळक साहेबांचा चहाचा कप हातातच राहिला. मी पेपरच्या मागे तोंडात रुमाल कोंबला.

आंटी शांतपणे म्हणाल्या, "पाळक साहेब, मी ओरडायला सांगितलं, काय ओरडायचं ते सांगायचं राहिलं. इथल्या पोरांना जोरात ओरडायचं म्हटलं की हेच येतं. पुढच्या वेळी सांगेन. पण भिंत पडली ना?" पाळक भला माणूस होता. आधी गालात हसला, मग खोकी उचलून परत रचायला लागला आणि म्हणाला, "एकदा आणखी होऊ दे." त्या दिवशी माझ्या सौ.नं भिंतीवरून पाळक साहेबांसाठी पोहे दिले, वरून रतलामी शेव घालून.

असे आमचे दिवस चालले होते. आणि त्या पावसाळ्याच्या अखेरीस आमचा राहुल गेला. माझा मुलगा, अवनीचा बाबा. इंदूरहून मोटरसायकलवर परत येत होता. त्यापुढचं मला लिहिता येत नाही, आणि इथं त्याची गरजही नाही.

तेरा दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही, दोन्ही वेळ भिंतीवरून डबा यायचा. पिठलं, भात, भाकरी. आंटी काही बोलायच्या नाहीत. बाकी सगळे जण खूप बोलायचे. देवाची इच्छा, पूर्वजन्मीचं, धीर धरा. त्या फक्त डबा द्यायच्या आणि कालचा रिकामा न्यायच्या. त्या दिवसांत मला त्यांचं जेवढं बरं वाटलं तेवढं कुणाचंच वाटलं नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगू शकलो नाही म्हणून इथं लिहितो आहे.

अवनी तेव्हा चार वर्षांची. तिला कुणी नीट काही सांगितलं नाही. कुणी म्हणालं बाबा देवाघरी गेले, कुणी म्हणालं दूरच्या गावी गेले, एका आत्यानं तर आकाशातली चांदणी दाखवली. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती रडली नाही. एकदाही नाही. फाटक वाजलं की दाराकडे बघायची, एवढंच. माझी सून मेघा शाळेत शिकवते, तिला मुलांचं कळतं. ती म्हणायची, "बाबा, ही रडत का नाही? ही वाट बघतेय." पण पुढं काय करायचं ते आम्हा तिघांनाही कळत नव्हतं. पोरीला खरं सांगायचं धैर्य आमच्यात कुणाकडे नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला, ईस्टरच्या आधी, आंटींच्या वर्गात लाजरची गोष्ट आली. आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जुनं धोतर मागितलं. मी दिलं. रविवारी भिंतीवरून पाहतो तर धोतराच्या पट्ट्या फाडून पोरांनी एकाला पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलं होतं. तो लाजर. तो मेला, त्याला टेबलाखाली चादर टाकून केलेल्या गुहेत ठेवलं. मग येशू आला आणि सगळ्यांनी मिळून हाक मारली, "लाजर, बाहेर ये!" चादर हलली, पांढरा पुतळा धडपडत बाहेर आला आणि पोरं किंचाळत त्याच्या पट्ट्या सोडायला धावली. खाऊला कागदात गुंडाळलेले लाडू. सगळ्यात मोठा आवाज आमच्या अवनीचा होता. कित्येक महिन्यांनी ती इतक्या मोठ्यानं ओरडली होती. मला भरून आलं. मी सौ.ला बोलावून दाखवलं.

संध्याकाळी मेघा स्वयंपाकघरात होती. मी आणि सौ. पुढच्या खोलीत. तेवढ्यात आतून आवाज आला.

"बाबा, बाहेर या!"

राहुलच्या कपाटासमोर अवनी उभी होती. त्याचे शर्ट अजून त्यातच होते, कुणाचा हात धजला नव्हता. दोन्ही हात तोंडाशी धरून ती पुन्हा ओरडली, "बाबा, बाहेर या!" मग थोडं थांबली. कपाट उघडलं. शर्ट बाजूला सारून पाहिलं. पुन्हा बंद केलं आणि पुन्हा हाक मारली. मेघा धावत आली आणि दारातच खाली बसली. सौ. तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "बस झालं. उद्यापासून पाठवायची नाही तिकडं. माझ्या लेकराच्या मनाशी खेळ झाला."

भिंत काही फार लांब नव्हती. तिसऱ्या हाकेला आंटी आमच्या दारात होत्या, पायात चप्पल नाही, हाताला पीठ. त्या आधी मेघापाशी गेल्या.

"मेघा, चूक माझी आहे. ही गोष्ट घ्यायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं. सगळ्या पोरांचा विचार केला, तुझ्या पोरीचा केला नाही." मग म्हणाल्या, "मी बोलू का तिच्याशी? नको म्हणालीस तर आत्ता जाते."

मेघानं मान हलवली, बोला म्हणून.

आंटी गुडघ्यावर हात टेकत कपाटासमोर जमिनीवर बसल्या. अवनी त्यांना बघून खूष झाली. "आंटी, बाबा ऐकत नाहीयेत. मी अकेली ओरडतेय ना, म्हणून. तिकडं सगळे मिळून ओरडले होते. तुम्ही पण ओरडा ना."

"मी ओरडले होते गं एकदा," आंटी म्हणाल्या. "माझा अनिल होता. माझा मुलगा. तो गेला तेव्हा मी पण अशीच त्याच्या खोलीत जाऊन ओरडले."

आमचा इतका शेजार, पण त्यांची नाशिकची एक मुलगीच आम्हाला माहीत होती. अनिल आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

"मग आला?"

"नाही आला."

"हळू ओरडलात?"

"नाही बेटा. खूप जोरात. शेजारचे धावत आले."

अवनीनं कपाटाकडे पाहिलं. "पण लाजर आला ना."

"लाजर आला. अनिल नाही आला. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही. मला माहीत असतं तर तुला सांगितलं असतं."

"बाबा पण नाही येणार?"

त्या क्षणी आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या ओठावर काहीतरी आलं होतं. चांदणी, देवाचं घर, दूरचं गाव. सौ. एक पाऊल पुढं झालीसुद्धा. आंटींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही येणार, बेटा," त्या म्हणाल्या. "बाबा मरण पावले. ते परत नाही येणार."

अवनीचं तोंड वाकडं झालं. मग ती रडली. इतके महिने साठलेलं सगळं एकदम आलं, पोट धरून, हुंदके देत. आंटींनी तिला जवळ ओढलं नाही, गप्प हो म्हटलं नाही. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग म्हणाल्या, "सकाळी मी गोष्टीतलं एक सांगितलंच नाही. लाजर मेला हे कळलं तेव्हा येशू आधी रडला होता. त्याला माहीत होतं हा उठणार, तरी रडला. मी ते गाळलं, लाडू वाटायची घाई होती मला."

मेघा पुढं सरकली आणि अवनी तिच्या कुशीत शिरली. आंटी उठल्या, कपाटाचं दार नीट लावलं आणि आल्या तशा अनवाणी निघून गेल्या.

त्या रात्री आमच्या घरात आम्ही चौघं रडलो, आणि राहुल गेल्यापासून पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो. पुढच्या रविवारी अवनीला कोण पाठवणार, पाठवायचं की नाही, हे कुणी बोललं नाही. सौ.नंच तिची वेणी घातली, हात धरला आणि फाटकापर्यंत सोडून आली. येताना मला म्हणाली, "बघता काय? खरं बोलणारं एक माणूस लागतं पोरांच्या आयुष्यात."

पुढच्या वर्षी लाजरची वेळ आली तेव्हा आंटी आठवडाभर आधी मेघाकडे आल्या. "या रविवारी लाजर आहे. तिला ठेवायचं असेल घरी तर ठेव." मेघानं अवनीलाच विचारलं. अवनी म्हणाली, मी जाणार. मी व्हरांड्यात बसलो खरा, पण पेपर घेतला नाही.

या वेळी कुणाला गुंडाळलं नाही. आंटींनी पुठ्ठ्यावर एक मोठा चेहरा काढला होता आणि पोरांना निळा कागद दिला होता. त्याचे तुकडे फाडायचे, डोळ्याखाली चिकटवायचे आणि आपण कशासाठी रडलो ते सांगायचं. मोक्ष पतंग कटला म्हणून रडला होता. एकीचं कुत्रं गाडीखाली आलं होतं. एक जण म्हणाला, मी रडतच नाही, आणि सगळ्यात जास्त तुकडे त्यानंच चिकटवले. अवनी म्हणाली, "बाबा," आणि आपला तुकडा चिकटवून गोंदाचा हात फ्रॉकला पुसला. मग आंटींनी लाजर बाहेर आल्याचं सांगितलं. मोक्षनं विचारलं, "आंटी, सब बाहर आ जाते हैं?"

आंटींनी उत्तर द्यायच्या आत अवनी म्हणाली, "नहीं. सब नहीं आते."

"हो," आंटी म्हणाल्या. "सगळे नाही येत." आणि त्यांनी फुटाणे वाटायला घेतले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे फारच धरले. नाशिकची मुलगी येऊन म्हणाली, आता माझ्याकडे चला. इंदूरपर्यंत बसनं जायचं होतं, तिथून नाशिकची गाडी. देवास गेटच्या बसस्टँडवर आम्ही चौघं सोडायला गेलो. चर्चची माणसं होती, मोक्षची आजी होती, ओव्याची पुडी घेऊन. आंटी खिडकीशी बसल्या. सगळे तेच म्हणत होते जे स्टँडवर म्हणतात. पोचल्यावर फोन करा, परत लवकर या.

अवनी खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "आंटी, तुम्ही परत येणार?"

"येणार तर!" त्यांची मुलगी पलीकडून म्हणाली. "सुट्टीत येणार ना आई."

आंटींनी मुलीच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं. "माहीत नाही, बेटा. मी म्हातारी झालेय. कदाचित नाही यायची."

सगळे एकदम, असं काय बोलता, असं काय बोलता, करायला लागले. अवनीनं मात्र विचारलं, "मग मी इथून हाक मारू?"

"मार की. मला ऐकू आली तर चांगलंच. नाही आली तरी मार."

बस निघाली. त्या रिक्षांच्या आणि हॉर्नच्या कल्लोळात अवनीनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "त्रिभुवन आंटी!" कचोरीवाल्यानं झारा थांबवून वळून पाहिलं. बसच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, हलत राहिला, आणि बस वळेपर्यंत तसाच हलत होता.

बस दिसेनाशी झाली तरी अवनी हाका मारत होती. मेघानं तिला थांबवलं नाही. मलाही वाटलं, आपणही एक हाक मारावी. मुलगा गेल्यापासून मी कधी मोठ्यानं ओरडलो नव्हतो, घरात नाही, घाटावर नाही. मी तोंड उघडलं ते त्रिभुवन आंटींसाठी, आणि बाहेर आलं ते, "राहुल!"

माझाच आवाज ऐकून मी गप्प झालो. लोक बघत होते. अवनीनं माझा हात धरला आणि वर बघून म्हणाली, "आणखी जोरात, आजोबा."